लायसन्स आहे, पण सर्व्हर म्हणतो नाही

सोमवारी सकाळी लॅबमध्ये येता, मॅटलॅब उघडता आणि ते म्हणतं, लायसन्स मिळत नाही. शुक्रवारी सगळं छान चालू होतं. मधल्या दोन दिवसांत आयटीवाल्यांनी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, एवढंच. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चे अपडेट्स थांबले, त्यामुळे असे जुने सर्व्हर हलवणं भागच होतं.

हे लायसन्स वाचनालयासारखं चालतं. सभासद शंभर, प्रती दहा. तुमचं सॉफ्टवेअर फ्लेक्सएलएमच्या मुख्य प्रोग्रामला, म्हणजे एलएमजीआरडीला विचारतं. तो तुम्हाला कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रामकडे पाठवतो, आणि प्रती मोजतो तो हा दुसरा.

अपग्रेडनंतर पहिली गंमत अशी, की एलएमजीआरडी चालवायला गेलात तर लिनक्स सांगतं ‘अशी फाइल नाही’. फाइल तर समोर दिसतेय! हरवलेली असते ती दुसरीच: प्रोग्राम सुरू करून देणारा एलएसबी नावाचा जुना लोडर. आरएचईएल ९ मध्ये त्याचं पॅकेजच नाही. नेहमीच्या लोडरची त्या नावाने लिंक केली की काम होतं. सेंटओएसवरून उबुंटूवर गेलात, तर यूएसआरमधलं टीएमपी फोल्डरही नसतं आणि कंपनीचा प्रोग्राम तिथे लॉक फाइल करता न आल्यामुळे बंद पडतो. शिवाय लायसन्स बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला बांधलेलं असतं, आणि फ्लेक्सएलएमच्या जुन्या आवृत्त्या तो पत्ता ‘ईटीएच०’ याच नावाखाली शोधतात. नव्या सिस्टिमने कार्डाचं नाव बदललं की संपलं. फायरवॉलमध्ये २७००० पोर्ट उघडूनही भागत नाही, कारण दुसरा प्रोग्राम दर वेळी वेगळा पोर्ट घेऊ शकतो. तो लायसन्स फाइलमध्ये नक्की करून टाका.

इथवर सगळं ओरडून तरी सांगतं. नोंदींचं मात्र तसं नाही. कोणी कधी प्रत घेतली, परत केली, कोणाला नकार मिळाला, हे लॉगमध्ये लिहिलं जातं. सुरू करण्याच्या आज्ञेत लॉगच्या नावाआधी अधिकचं चिन्ह नसेल, तर प्रत्येक रीस्टार्टला जुना लॉग पुसला जातो. आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ते चिन्ह होतं, नवीन लिहिताना राहिलं. वर्षअखेरच्या अहवालात वापर जेमतेम दिसला आणि निम्मी लायसन्स कमी करायचा प्रस्ताव आला. तेव्हा दोघीजणी थीसिसच्या शेवटच्या टप्प्यात होत्या आणि प्रतीसाठी रात्री अकरापर्यंत थांबत होत्या.

लॉग वाचतानाही सांभाळा. ओळीत फक्त वेळ असते, तारीख अधूनमधून वेगळ्या ओळीत येते. नवा सर्व्हर यूटीसीवर असेल, तर हिवाळ्यात न्यू यॉर्कच्या संध्याकाळी ७ लाच त्याच्याकडे मध्यरात्र होते आणि रात्रीचं काम उद्याच्या खात्यात जातं. नकारांच्या ओळीही तशाच मोजू नका. एकच माणूस पुन्हापुन्हा बटण दाबत असतो (मीही दाबलंय). नावं मोजा.

आम्हाला जुने लॉग रात्रीच्या बॅकअपमध्ये सापडले, सगळे नाही. तेवढ्यावर प्रस्ताव सहा महिने पुढे ढकलला गेला.