उतारावरचा ब्रेकमन

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. सुरुवातीच्या चढावर साखळी किंवा तारेचा दोर तिला ओढत वर नेतो आणि माथ्यावर सोडून देतो. पुढचा सगळा प्रवास त्या एका उंचीच्या शिदोरीवर होतो. बारा मीटर उंचीवरून उतरलेली गाडी तळाशी ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेग गाठू शकते, आणि त्याच वेगावर ती पुढचा चढ चढते. चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध वाटेत आपला हिस्सा काढून घेत असतात. त्यामुळे दोराने पुन्हा वर ओढले नाही, तर गाडीला सुरुवातीइतकी उंची परत गाठता येत नाही, आणि पुढच्या टेकड्या ठेंगण्या ठेवाव्या लागतात.

हा वेग कुठे राखायचा आणि कुठे मारायचा, हा या यंत्राचा मूळ प्रश्न आहे. आज त्याचे उत्तर रुळांचा आकार आणि संगणक मिळून देतात. शंभर वर्षांपूर्वी ते गाडीवर उभा असलेला एक माणूस देत असे. त्याला ब्रेकमन म्हणत. मेलबर्न आणि कोपनहेगनमध्ये त्याची जागा अजून टिकून आहे.

रोलर कोस्टरचे मूळ बर्फाच्या घसरगुंडीत आहे. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात सतराव्या-अठराव्या शतकांत लाकडी सांगाड्यावर उंच उतार बांधत, त्यावर पाणी ओतून बर्फ गोठवत आणि लोक छोट्या घसरगाड्यांत बसून खाली येत. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये याच खेळाला चाके लावण्यात आली आणि चाके रुळाच्या खाचेत अडकवण्यात आली. फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन या भाषांत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’ अशा अर्थाचे नाव आहे. रशियन भाषेत मात्र त्याच खेळाला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात.

अमेरिकेतला धागा कोळशाच्या खाणीतून येतो. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ मध्ये डोंगरावरचा कोळसा खाली आणण्यासाठी उतारावरची रेल्वे बांधली गेली. भरलेले डबे आपल्या वजनाने खाली येत, त्यांच्यावर ब्रेक धरणारा माणूस असे, आणि रिकामे डबे खेचरे पुन्हा वर ओढून नेत. वर चढलेली खेचरे खाली येताना डब्यात बसून येत. पुढे कोळसा दुसऱ्या मार्गाने जाऊ लागला आणि ही रेल्वे सहलीला येणाऱ्यांसाठी चालू राहिली. उतारावरून येण्यासाठी लोक तिकीट काढतात, हे तिने दाखवून दिले.

लामार्कस थॉम्पसन या उद्योजकाने ही कल्पना शहरात आणली. १६ जून १८८४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर त्याची ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू झाली. तिकीट पाच सेंट आणि वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर होता. एका टोकाला गाडी थांबली की प्रवासी उतरत, नोकर ती ढकलून दुसऱ्या रुळावर चढवत आणि तीच गाडी परत येई. १८८७ मध्ये अटलांटिक सिटी येथे थॉम्पसनने ‘सीनिक रेल्वे’ उभारली. तिच्यात वाटेवर बोगदे आणि रंगवलेले देखावे होते. गाड्या लांब झाल्या, उंची वाढली, आणि वेगावर ताबा ठेवणारा माणूस गाडीवर आला.

त्याची गरज का पडली, हे चाकांकडे पाहिले की कळते. त्या काळच्या गाड्यांना दोन प्रकारची चाके असत. एक जोडी वजन पेलणारी. ती फळ्यांच्या थरांवर ठोकलेल्या लोखंडी पट्टीवरून धावे. दुसरी आडवी जोडी बाजूच्या फळ्यांना टेकून गाडीला वाट सोडू देत नसे. रुळाच्या खालून पकडणारे चाक नव्हते. गाडी रुळावर राहत होती ती निव्वळ वजनामुळे. टेकडीच्या माथ्यावरून ती प्रमाणाबाहेर वेगाने गेली, तर चाके उचलली जाण्याचा धोका खरा होता. वेग फारच कमी झाला, तर पुढचा चढ न चढता गाडी दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात अडकून बसे आणि ती हलवायला माणसे लागत. या दोन टोकांच्या मधली वाट ब्रेकमनच्या हातात होती.

त्याचे साधन साधे असते. उंच दांड्याचा एक लिव्हर ओढला की गाडीचा ब्रेक घट्ट धरतो आणि सोडला की गाडी मोकळी होते. कौशल्य लिव्हर ओढण्यात फारसे नाही. तो कधी आणि किती ओढायचा, यात आहे. भरलेली गाडी आणि अर्धी रिकामी गाडी एकाच उतारावर सारखी वागत नाहीत. वजन वाढले तरी हवेचा विरोध त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून भरलेली गाडी वेग जास्त काळ टिकवते. सकाळच्या गारठ्यात चाकांतले ग्रीस घट्ट असते आणि पहिल्या फेऱ्या संथ जातात. दुपारी ऊन चढल्यावर तीच गाडी सुसाट निघते. पावसात ब्रेकची पकड कमी होते, म्हणून तो आधीपासून धरावा लागतो. समोरून वारा असेल तर ब्रेक जरा कमी, पाठीमागून असेल तर जरा जास्त. हा हिशेब प्रत्येक फेरीला नव्याने करावा लागतो, आणि तोही हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून व चाकांच्या आवाजावरून.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे काम अनोळखी वाटू नये. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीवर अनेक दशके डब्यांच्या मधे माणसे बसत आणि इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळत किंवा सैल करत. घाटातल्या उतारावर तेच गाडीचा वेग सांभाळत. माथेरानला जे काम गरजेपोटी झाले, तेच सीनिक रेल्वेवर करमणुकीसाठी झाले.

मेलबर्नच्या लूना पार्कमधील सीनिक रेल्वे १३ डिसेंबर १९१२ रोजी सुरू झाली. खंड न पडता चालत आलेल्या रोलर कोस्टरांमध्ये ती जगात सर्वांत जुनी मानली जाते. तिचा मार्ग उद्यानाच्या कडेने फिरतो, शेजारी समुद्राचा उपसागर दिसतो आणि गाडीच्या मध्यभागी ब्रेकमन उभा असतो. प्रवासी बसलेले असतात. उभा असतो तो एकटाच. कोपनहेगनच्या टिव्होली उद्यानातील ‘रूट्शेबानेन’ १९१४ ची आहे, आणि तिच्याही प्रत्येक गाडीवर ब्रेकमन असतो. इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथ येथे १९३२ चा असाच एक रोलर कोस्टर आहे. अशी ठिकाणे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

ब्रेकमनची जागा गेली ती एका चाकामुळे. जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने रुळाखालून पकड घेणारे चाक बसवले आणि १९१९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आता गाडी रुळाला वर, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून धरून होती. माथ्यावर प्रवासी आसनावरून उचलला गेला तरी गाडी रुळावरच राहू लागली. उतार तीव्र झाले आणि वेग वाढला. ब्रेक गाडीवरून रुळावर आले आणि त्यांचे लिव्हर स्थानकात. १९२० च्या दशकात अमेरिकेत लाकडी रोलर कोस्टरांची लाट आली. २६ जून १९२७ रोजी सुरू झालेला कोनी आयलंडचा ‘सायक्लोन’ तिचेच अपत्य आहे. त्यानंतरच्या महामंदीत आणि युद्धकाळात त्या लाटेतले बहुतेक सांगाडे पाडले गेले.

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये ‘मॅटरहॉर्न’ सुरू झाला आणि पोलादी नळीचा रूळ आला. लाकडात जी वळणे शक्य नव्हती ती पोलादात शक्य झाली. गाडी पूर्ण उलटी फिरवण्याचा प्रयत्न १८९५ मध्येच कोनी आयलंडवर झाला होता, पण ती गोलाई वर्तुळाकार होती आणि तिच्यात शिरताना मानेला जबर हिसका बसे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातच जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याच्या गणिताने थेंबासारखी निमुळती गोलाई वापरली गेली आणि तो हिसका सुसह्य झाला. २०१३ मध्ये खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये आलेला ‘नायट्रो’ हा याच पोलादी घराण्यातला आहे.

आजच्या रोलर कोस्टरचा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो. एका टप्प्यात एकच गाडी, हा नियम. पुढचा टप्पा मोकळा झाल्याची खात्री रुळावरच्या संवेदकांनी दिल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. अनेक ठिकाणी ब्रेक चुंबकाचे असतात. धातूची पट्टी चुंबकांच्या मधून जाताना तिच्यात वीज निर्माण होते आणि ती गतीला विरोध करते. हे ब्रेक विजेचा पुरवठा बंद पडला तरी काम करतात आणि पावसात घसरत नाहीत. सुरक्षिततेच्या हिशेबात ही मोठी मजल आहे, आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही.

तरीही माणसाचा निर्णय यंत्रातून पूर्णपणे गेलेला नाही. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्सच्या ‘स्मायलर’वर एक रिकामी गाडी वाटेत अडकली होती. संगणकाने मागची भरलेली गाडी थांबवली. त्याने आपले काम चोख केले होते. अडकलेली गाडी न दिसल्याने कर्मचाऱ्यांना तो बिघाड वाटला, त्यांनी इशारा बाजूला सारून गाडी पुढे सोडली आणि टक्कर झाली. १६ जण जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावा लागला, आणि चालक कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. त्या दिवशी वाराही जोराचा होता. रुळावर काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहणारा माणूस निर्णयाच्या जागेपासून दूर गेला की काय होऊ शकते, हे या घटनेने दाखवले.

जुन्या सीनिक रेल्वेपुढच्या अडचणी वेगळ्या आहेत. पहिली लाकडाची. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत वासे कुजतात, बोल्ट गंजतात आणि गाडीच्या दर फेरीबरोबर सांधे थोडे सैल होतात. रोज सकाळी गाडी सुटण्यापूर्वी कोणीतरी मार्गावरून चालत जाऊन तो तपासावा लागतो. लाकूड सतत बदलत राहिल्यामुळे शंभर वर्षांच्या सांगाड्यात मूळ लाकूड फार थोडे उरते. वारसा म्हणून जपायचे ते नेमके काय, हा प्रश्न इथून सुरू होतो.

दुसरी अडचण आगीची. इंग्लंडमधील मार्गेट येथील ‘ड्रीमलँड’ची सीनिक रेल्वे १९२० मध्ये सुरू झाली. २००२ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. ७ एप्रिल २००८ रोजी तिला आग लावण्यात आली. सांगाड्याचा सुमारे चौथा हिस्सा आणि जुन्या गाड्या जळाल्या. गावातल्या लोकांनी मोहीम चालवली, सार्वजनिक पैसा उभा राहिला, दर्जा आणखी वरचा झाला. सांगाडा दुरुस्त करून आणि नव्या गाड्या बनवून २०१५ मध्ये ती पुन्हा धावली. सरकारी यादीत नाव होते, पैसा आला होता, लोकांचे प्रेम होते. तरी २०२४ मध्ये तिच्या चालकांनी ती यापुढे धावणार नसल्याचे जाहीर केले.

तिसरी अडचण हातांची, आणि ती सर्वांत अवघड आहे. वासा बदलता येतो, गाडी नव्याने बनवता येते. बारा मीटरच्या उतारावर, ओल्या दुपारी, भरलेल्या गाडीचा ब्रेक कुठे धरायचा हे कागदावर लिहून ठेवता येत नाही. ते जुन्या ब्रेकमनशेजारी उभे राहूनच शिकावे लागते. गाडी काही वर्षे बंद राहिली की शिकवणारेही पांगतात. मार्गेटचा सांगाडा उद्याही उभा राहिला तरी त्यावर गाडी धावत नसेल, तर जपली जाते ती फक्त सुतारकामाची एक बाजू.

म्हणून अशा यंत्रांच्या जतनाचा निकष साधा असावा. सीनिक रेल्वे जिवंत आहे का, याचे उत्तर तिच्या संरक्षित दर्जाच्या फलकावर मिळत नाही. गाडीच्या मध्यभागी कोणी उभे आहे का, आणि त्याच्या शेजारी शिकणारा दुसरा कोणी आहे का, हे पाहावे. मेलबर्न आणि कोपनहेगन इथे आजही ब्रेकमन लिव्हर धरून उभा आहे. तो उभा आहे तोवरच ही रेल्वे पूर्ण आहे.