काठीला दोर, जिवाला मोकळीक

सह्याद्रीतून येणारी तिळारी नदी गोव्यात शापोरा म्हणून ओळखली जाते. एका तीरास पेडणे आणि दुसऱ्या तीरास डिचोली ठेवीत ती वाहते व पुढे बार्देशच्या कडेने समुद्रास मिळते. भरतीचे पाणी जेथवर चढते, तेथवर खारफुटीच्या मुळांशी चोणक दबा धरून असतो. मुंबईकडे यासच जिताडा म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात आजोळी गेलो असता आम्ही या पाण्यात कायाक घातली. ही एका माणसाची चिंचोळी होडी. पाय पसरून बसावे आणि दुपाती वल्ह्याने ती हाकावी. दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले, म्हणून गरीची काठी बाजूच्या खोबणीत उभी ठेवली होती. ती काठी आमच्या दिवंगत मामांची, मामींनी विश्वासाने हाती दिलेली. खारफुटीच्या फांदीत तिचे टोक अडकले, होडी पुढे सरकली आणि काठी रिळाच्या भाराने गढूळ पाण्यात बुडाली. मामींनी चकार शब्द काढला नाही. तेच मनाला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी उसनी काठी आम्ही शहाणपणाने कमरेस बांधली. तीरावरील एका वृद्ध मासेमाऱ्याने ते पाहून हटकले, ‘दांडी व्हड्याक बांद रे बाबा, आंगाक न्हय!’ होडी उलटली तर दोराने जखडलेला माणूस सुटणार कसा, हा विचारच आम्हांस शिवला नव्हता.

तेव्हापासून आम्ही पाळीत असलेली रीत अशी. दोराचे एक टोक काठीच्या मुठीस रिळाजवळ फासाने घट्ट बसवावे. दुसरे टोक बैठकीशेजारच्या कडीत, एका हाताने सुटेल अशा आकड्याने अडकवावे. गरी फेकताना हात पूर्ण लांबवता येईल इतकीच लांबी ठेवावी. अधिक सैल दोर पायांत गुंततो. ताणल्यास लांबणारा वेटोळ्यांचा दोर उत्तम. प्रत्येक काठीस स्वतंत्र दोर असावा आणि काठी खोबणीत असली तरी तो सोडू नये. अंगात तरंगजाकीट आणि त्यावर हाताशी लहान सुरी असावी. प्रथम उथळ पाण्यात दोर ओढून व सोडून पाहावा. घरी परतल्यावर आकडा गोड्या पाण्याने धुवावा, अन्यथा खारामुळे तो गंजून ऐन वेळी अडतो.

यंदा पुन्हा आजोळी गेलो. मामींनी माळ्यावरून मामांची दुसरी काठी काढली. पण हाती देण्यापूर्वी विचारले, ‘दोर कुठं आहे, तो आधी दाखव.’