रक्त परत आले, तरी हृदय थकलेले का?

रक्तवाहिनी मोकळी केली, छातीतले दुखणे थांबले, मग डॉक्टर अजून कामावर का जाऊ देत नाहीत? हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला बिछान्यावरचा दिवस परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण याचे उत्तर हृदयाच्या स्नायूतील प्रथिनांत आहे, आणि ते घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे.

या स्नायूत अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू असतात. ते एकमेकांवर सरकले की हृदय आकुंचन पावते. केव्हा सरकायचे, हे ट्रोपोनिन नावाचे प्रथिन कॅल्शियमच्या इशाऱ्यावर ठरवते. जपानचे शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात त्याचा शोध लावला.

गुठळीने रक्त अडले की प्राणवायू संपतो, पेशीचे इंधन आटते, आम्ल साचते. अमेरिकेतील रायमर व जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. धोक्यातील स्नायूपैकी ४० मिनिटांत सुमारे ३८ टक्के, ३ तासांत ५७ टक्के आणि ६ तासांत ७१ टक्के भाग मेला होता. माणसाचे आकडे नेमके हेच नसतील, पण दिशा हीच. अॅसिडिटी समजून सोडा पिऊन रात्र काढणाऱ्याच्या छातीत काय चालले असते, ते यावरून कळावे.

आता गंमत पाहा. रक्त परतल्यावरही थोडी नासधूस होतेच. साचलेले आम्ल धुऊन जाते, पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो, तंतू गरजेपेक्षा जास्त आवळले जातात. आम्लामुळे दबून राहिलेले कॅल्पेन नावाचे विकर जागे होते आणि कात्रीसारखी प्रथिने कापू लागते. उंदरांच्या हृदयात ट्रोपोनिनचे असे तुकडे झालेले दिसले. डुकरांत मात्र तसे आढळले नाही, म्हणून यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. एवढे खरे, की जिवंत राहिलेला स्नायूही काही दिवस, कधी काही आठवडे, नीट आकुंचन पावत नाही. ब्राउनवाल्ड व क्लोनर यांनी १९८२ साली या अवस्थेला ‘सुन्न झालेला स्नायू’ अशा अर्थाचे नाव दिले.

म्हणून वाहिनी उघडूच नये काय? मुळीच नाही! बंद वाहिनीने होणारा नाश याहून कितीतरी मोठा.

मेलेल्या स्नायूतील ट्रोपोनिन रक्तात उतरते, आणि दवाखान्यात त्याचीच तपासणी होते. ते वाढायला काही तास लागतात. त्यामुळे पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून उठून घरी जाऊ नये. डॉक्टर पुन्हा रक्त मागतात, ते पैसे उकळण्यासाठी नव्हे. दुखणे सुरू होताच १०८ क्रमांकाला फोन करावा. अँजिओप्लास्टीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

आणि पहिल्या टू-डी इकोत हृदयाचा एखादा भाग हलत नाही असे लिहून आले, तर माताभगिनींनी लगेच हाय खाऊ नये. तो भाग मेला आहे की नुसता सुन्न आहे, हे पुष्कळदा काही आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या इकोतच दिसते. जड ओझे उचलायला कधी हरकत नाही, तेही त्याच वेळी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, म्हणजे मुकादमाला दाखवता येते.