गादी रक्ताची की विद्येची?

इसवी सन १५६५ मध्ये कामिइझुमी नोबुत्सुना या थोर खड्गाचार्यांनी यमातो प्रांतातील यग्यू मुनेयोशी यांना आपल्या शिंकागे संप्रदायाचे अधिकारपत्र दिले, तेव्हा गुरुशिष्यांमध्ये नाते होते ते रक्ताचे नव्हे, तर विद्येचे. पुढे १५९४ मध्ये वृद्ध मुनेयोशींनी तोकुगावा इएयासू यांच्यासमोर, प्रतिपक्षाची तलवार निःशस्त्र हातांनी निष्प्रभ करणारी ‘मुतो-दोरी’ प्रत्यक्ष करून दाखविली. आणि इएयासूंच्या दरबारची चाकरी पुत्र मुनेनोरींच्या वाट्यास येऊन १६३६ मध्ये ते दहा हजार कोकू (तांदळाचे माप) उत्पन्नाचे जहागीरदार झाले.

नागोयाच्या ओवारी दरबारी १६१५ पासून रुजू झालेले मुनेयोशींचे नातू तोशितोशी यांची शाखा मात्र वारशाच्या दृष्टीने अधिक मननीय आहे. कारण त्यांनी संप्रदायाची गादी प्रथम आपल्या पुत्रास न देता, शिष्यत्व पत्करलेले संस्थानाधिपती योशिनाओ यांच्या स्वाधीन केली, आणि योशिनाओंकडून ती तोशितोशींचे पुत्र रेन्या यांच्याकडे परत आली. धनी शिष्य होतो आणि चाकराचा पुत्र धन्याचा उत्तराधिकारी ठरतो, ही या परंपरेची खरी थोरवी होय.

चिरलेल्या बांबूवर चामड्याची खोळ चढविलेली सरावाची तलवार आजही या परंपरेत शिष्याच्या हाती दिली जाते.