गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीवर का टिकते?

बीटी कपाशी असूनही बोंडात अळी कशी सापडते, असा प्रश्न शेतकरी बंधू वारंवार विचारतात. ‘अळीला बीटीची सवय झाली,’ असे त्याचे उत्तर गावोगाव दिले जाते. हे उत्तर शास्त्रास धरून नाही. निदान चुकले म्हणजे उपायही चुकतो. म्हणून या प्रश्नामागील जीवशास्त्र गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम वर्गीकरण पाहू. ‘बोंडअळी’ या एका नावाखाली आपण ठिपक्यांची, अमेरिकन आणि गुलाबी म्हणजेच शेंदरी अशा तीन प्रकारच्या अळ्या मोडतो. तिन्ही पतंगांच्याच अळ्या असल्या, तरी त्यांच्या जाती भिन्न आहेत; गुलाबी अळीचे तर कुळही निराळे आहे. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. गुलाबी अळी मात्र मुख्यतः कपाशीवरच जगते व बोंडात शिरून सरकी खाते. त्यामुळे जिकडे तिकडे बीटी कपाशी लागली, तेव्हा तिला दुसरा आसरा फारसा उरला नाही.

दुसरी गोष्ट भेदाची. एकाच शेतातील ज्वारीची सर्व कणसे सारखी नसतात, तसेच एकाच जातीच्या सर्व अळ्याही सारख्या नसतात. आनुवंशिक घटकांत आपोआप घडलेल्या बदलांमुळे काही थोड्या अळ्या जन्मतःच बीटीचे विष सोसू शकतात. बाकीच्या मरतात, या वाचतात आणि यांचीच संतती वाढते. कोणतीही अळी विष पचविण्यास शिकत नाही. पिढीगणिक सोसणाऱ्यांचे प्रमाण तेवढे वाढत जाते. यालाच निवड म्हणतात, आणि निवडीने जातीत घडणारा असा बदल म्हणजेच उत्क्रांती होय.

एका हंगामात या किडीच्या अनेक पिढ्या होत असल्याने हा बदल आपल्या डोळ्यांदेखत घडला. भारतात 2002 साली एका विषारी प्रथिनाच्या व 2006 साली दोन प्रथिनांच्या बीटी कपाशीस मान्यता मिळाली. पहिल्या प्रथिनास दाद न देणारी गुलाबी अळी गुजरातेत आढळल्याचे 2010 साली जाहीर झाले. पुढे दुसरे प्रथिनही निष्प्रभ ठरले, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान झाले.

बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशी लावण्याची अट याचसाठी होती. त्या ओळींत विष न सोसणारे पतंग वाढतात व सोसणाऱ्या पतंगांशी त्यांचा संकर होतो. सोसण्याचा गुण बहुधा अप्रभावी असल्याने अशी संकरित संतती बीटीवर मरते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात हे क्षेत्र कसोशीने राखले गेले व तेथे बीटीचा गुण दीर्घकाळ टिकला. आपल्याकडे मात्र बिगर-बीटी बियाण्याची पुडी पुष्कळदा पेरलीच गेली नाही.

सोसणारी अळी आता सर्वत्र पसरली असल्याने केवळ त्या ओळींवर विसंबून भागणार नाही. तिची साखळी तोडली पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

1. डिसेंबरअखेर पीक संपवावे. फरदड घेऊ नये.
2. पऱ्हाटी व किडकी बोंडे शेतात अगर बांधावर साठवू नयेत, कारण अळी त्यांत सुप्तावस्थेत राहते.
3. कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष ठेवावे. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात.
4. फवारणी करावी लागल्यास एकाच गटातील कीटकनाशक पुनःपुन्हा वापरू नये. जी निवड बीटीने केली, तीच निवड औषधही करते.

पतंग बांध ओळखत नाही. एका शेतात राहिलेली फरदड शेजाऱ्याच्या पुढील पिकास भोवते. म्हणून हे काम साऱ्या गावाने एकाच वेळी करावयाचे आहे.