दाढेतला धातू

‘चांदी भरू की सिमेंट?’ किडलेली दाढ कोरून झाली की डॉक्टरांचा हा प्रश्न एकेकाळी ठरलेला असे. हल्ली अनेक दवाखान्यांत तो विचारलाच जात नाही. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरून मोकळे होतात. तरी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी जणांच्या दाढांत ती काळपट चांदी अजून ठाण मांडून आहे.

तिच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील, तांबं आणि कधी किंचित जस्त. या धातूंची पूड पाऱ्यात घोटली की मऊ लगदा होतो. त्यालाच अमाल्गम म्हणतात. काही मिनिटं तो हवा तसा ठासता आणि कोरता येतो, मग घट्ट होऊ लागतो. पूर्ण ताकद यायला सुमारे २४ तास लागतात. त्या दिवशी ‘या बाजूने चावू नका’ असं बजावतात ते म्हणूनच. जुने डॉक्टर हे मिश्रण खलात घोटत आणि जादा पारा कापडातून पिळून काढत. पुढे मोजून भरलेल्या कॅप्सूल आल्या आणि घोटण्याचं काम यंत्राने काही सेकंदांवर आणलं.

अमाल्गमची मोठी उणीव म्हणजे ते दाताला चिकटत नाही. खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरला, तरच ते अडकून राहतं. त्यापायी थोडा निरोगी दातही खरवडावा लागतो. शिवाय गरम चहाने दात जितका प्रसरण पावतो, त्याच्या दुपटीहून अधिक अमाल्गम फुगतं. पण ते स्वस्त, दणकट आणि ओलाव्याला बऱ्यापैकी सोसणारं आहे. लाळ सुटणाऱ्या, नीट न दिसणाऱ्या मागच्या दाढेत हे गुण फार मोलाचे ठरतात.

सोन्याची तऱ्हाच वेगळी. शुद्ध सोन्याचा वर्ख ज्योतीवर तापवून स्वच्छ केला, की नुसत्या दाबाने त्याचे थर थंडपणे एकमेकांत सांधले जातात. १८५५ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट आर्थर यांनी ही पद्धत रूढ केली. थरावर थर ठोकत एक खड्डा बुजवायला डॉक्टरांचा हात आणि पेशंटचा जबडा, दोघांचीही कसोटी लागे! १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या नमुन्यावरून ओतकामाचं तंत्र मांडलं आणि दाताबाहेर घडवलेला सोन्याचा तुकडा सिमेंटने बसवता येऊ लागला. सोनं गंजत नाही, समोरच्या दाताला फार झिजवत नाही. अडचण पैशांची आणि पिवळ्या रंगाची.

या दोन धातूंवरून भांडणही जुंपलं. १८३३ साली क्रॉकूर बंधूंनी न्यूयॉर्कमध्ये अमाल्गमची जोरदार जाहिरात केली. सोन्यावर पोट असलेले दंतवैद्य खवळले. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने सभासदांकडून ‘अमाल्गम वापरणार नाही’ अशी लेखी हमी मागितली. त्या वादात १८५६ साली संघटनाच मोडली. अमाल्गमचं आकुंचन-प्रसरण आटोक्यात आणणारं प्रमाण जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९५ च्या सुमारास बसवलं. पुढे १९६० च्या दशकात तांबं वाढवलं गेलं आणि गंजायला कारण होणारा कथील-पाऱ्याचा कमकुवत भाग जवळजवळ नाहीसा झाला.

पाऱ्याऐवजी गॅलियम वापरून पाहण्याचे प्रयोगही झाले. हा धातू सुमारे ३० अंशांना वितळतो, म्हणजे तळहातावरही. पण त्याचं मिश्रण अवजारांना चिकटे, गंजे आणि फुगून दात तडकवे. प्रकरण तिथेच संपलं.

चावताना अमाल्गममधून पाऱ्याची अत्यल्प वाफ निघते. बहुतेक प्रौढांना त्यातून अपाय झाल्याचा ठोस पुरावा नाही. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती, लहान मुलं आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना ते शक्यतो टाळायला सांगितलं. मोठी चिंता तोंडाबाहेरची आहे: दवाखान्याच्या मोरीतून पाण्यात आणि दहनाच्या धुरातून हवेत जाणारा पारा. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. युरोपीय महासंघाने काही अपवाद वगळता १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम बंद केलं आणि त्याच वर्षी करारातल्या देशांनी २०३४ ही अखेरची मुदत ठरवली.

एवढं वाचून शाबूत चांदी घाईने उकरून घेऊ नका. काढताना घासण्यानेच पाऱ्याची वाफ जास्त उडते आणि चांगला दातही थोडा जातो. ती तडकली असेल, सैल झाली असेल किंवा तिच्याखाली पुन्हा कीड लागली असेल, तरच डॉक्टरांशी बोलून बदला.