घटस्फोटानंतर स्वतःच्या नावावर धंदा: आधी सिम, खातं आणि नाव स्वतःचं करा, मग जाहिरात

लग्न मोडलं की बाईसमोर दोन प्रश्न एकदम येतात. खायचं काय, आणि गावात तोंड कसं दाखवायचं? दोन्ही प्रश्नांवर आता अनेक जणी एकच उत्तर शोधतात: घरी बनवलेला मसाला, शेवया, पापड, शिवणकाम किंवा मेंदी मोबाईलवरून विकायची. रस्ता चांगला आहे. पण त्यात एक खड्डा असा आहे की धंदा चालायला लागल्यावरच तो दिसतो. ग्राहक तुमचे असतात, पण ज्या नंबरवर ते फोन करतात तो नंबर दुसऱ्याचा असतो. म्हणून सुरुवात जाहिरातीपासून नको, नावापासून करा.

कोणती गोष्ट कोणाच्या नावावर आहे?

एक कोरा कागद घ्या आणि सहा गोष्टी लिहा: मोबाईलचं सिम, व्हॉट्सअॅपचा नंबर, इन्स्टाग्राम किंवा फेसबुकचं पेज, ईमेल, बँक खातं आणि क्यूआर कोड. प्रत्येकीसमोर ती कोणाच्या नावावर आहे ते लिहा. बऱ्याच घरांत सिम नवऱ्याच्या आधारवर घेतलेलं असतं आणि क्यूआर कोडचे पैसे त्याच्याच खात्यात जातात. संसार चालू असताना याचं काही वाटत नाही. संसार मोडला की तीन-चार वर्षांचे ग्राहक एका दिवसात तुटतात.

यावर उपाय आहे. स्वतःच्या आधारवर नवं सिम घ्या. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये नंबर बदलण्याची सोय आहे. त्यातून जुनं खातं नव्या नंबरवर आणता येतं आणि ओळखीच्यांना तसा निरोपही जातो. मात्र त्यासाठी जुन्या नंबरचं व्हॉट्सअॅप तुमच्या फोनवर चालू असावं लागतं, म्हणून हे काम लांबवू नका. पेजला जोडलेला नंबर आणि ईमेल बदला, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. बँकेत एकटीच्या नावाचं बचत खातं उघडा. जोडखात्यात धंद्याचा एक रुपयाही जाऊ देऊ नका.

स्टॅम्प पेपरवरची काडीमोड चालते का?

गावाकडे अजूनही चार माणसं बसतात, स्टॅम्पवर लिहून घेतात आणि ‘सुटका झाली’ म्हणतात. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न अशा नुसत्या नोटरीच्या कागदाने मोडत नाही. ज्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी सिद्ध करता येते तिथेच कायदा तिला अपवाद मानतो. बाकी सर्वांना कोर्टाचा हुकूमनामा लागतो. पुढे नाव बदलणं असो की कर्जाचा अर्ज, हाच कागद दाखवावा लागतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तिला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, हेल्पलाइन १५१०० आहे. मारहाण किंवा धमकी असेल तर महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा.

कमवायला लागलं की पोटगी बंद होते का?

या भीतीपोटी कितीतरी जणी धंदा लपवून करतात. खरी गोष्ट अशी. पोटगीचा अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो, पूर्वी तो कलम १२५ खाली होत असे. घटस्फोट झालेली स्त्री दुसरं लग्न करेपर्यंत हा अर्ज करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की बायको कमावते एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप नाकारता येत नाही. तिची कमाई तिला पुरेशी आहे का, हे कोर्ट बघतं.

पण त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. म्हणून कमाई लपवणं धोक्याचं आहे. एक वही ठेवा, डाव्या बाजूला आलेले पैसे, उजव्या बाजूला खर्च. हजार रुपयांची विक्री म्हणजे हजार रुपयांची कमाई नव्हे, हे ती वहीच कोर्टाला दाखवते. लग्नात मिळालेले दागिने हे स्त्रीधन आहे, त्यावर मालकी तुमचीच. भांडवलाचा विचार करताना तेही वकिलाला सांगा.

पोटगी मिळत नाही किंवा फारच कमी मिळते अशा घटस्फोटित महिलांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिला उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्जाची चौकशी तहसील कार्यालयात करा.

ब्रँडला कोणाचं नाव द्यायचं?

ब्रँड म्हणजे मोठ्या कंपनीचीच गोष्ट असं वाटतं. पण गावात ‘अमक्या काकूंच्या कुरडया’ म्हणून लोक दोन गल्ल्या ओलांडून जातात, तोच ब्रँड. फरक इतकाच की आता ते नाव गावाबाहेर न्यायचं आहे.

नाव ठरवताना सासरचं आडनाव टाळा. माहेरचंही लावलंच पाहिजे असं नाही. तुमचं पहिलं नाव आणि ताई, काकू, मावशी असं नातं, किंवा गावाचं नाव, एवढं पुरतं. उद्या कागदोपत्री आडनाव बदललं तरी पाकिटावरचं नाव तेच राहील. नाव लहान, बोलायला सोपं आणि फोनवर एकदा सांगितलं तर कळेल असं असावं.

धंदा वर्षभर टिकला की नावाच्या नोंदणीचा विचार करा. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्तीसाठी एका वर्गाला ४,५०० रुपयांत होतो. नोंदणी १० वर्षांची असते, नंतर ती वाढवता येते. मसाला ३० व्या वर्गात येतो, लोणचं २९ व्या वर्गात. अर्ज स्वतःच्या नावावरच करा, भावाच्याही नको.

भाव काढताना स्वतःची मजुरी धरा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा, एक किलो काळ्या मसाल्याला कच्चा माल ४२० रुपये, गॅस ३०, कांडप ४०, पाकीट आणि लेबल ३०, घट २० आणि स्वतःची मजुरी १०० रुपये. एकूण झाले ६४०. म्हणजे पाव किलोच्या पाकिटाचा खर्च १६० रुपये.

आता ते पाकीट २०० ला विकलं तर ४० रुपये सुटतील असं वाटतं. पण दुकानदाराने २० टक्के मागितले तर ते ४० रुपये त्याच्याकडे जातात आणि हातात उरतात १६०. नफा शून्य. भाव २२० ठेवला तर दुकानदाराला ४४ देऊन १७६ उरतात, म्हणजे पाकिटामागे १६ रुपये. म्हणून भाव ठरवताना दुकानदाराचा हिस्सा पहिल्या दिवसापासून धरा. घरून थेट विकलं तरी भाव तोच ठेवा. नाहीतर दुकानदार तुमचा माल ठेवणार नाही.

कागदपत्रं कोणती?

खायचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि १४ अंकी नंबर मिळतो. पाकिटावर तो नंबर, पदार्थाचं नाव, घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहारी असल्यास हिरवी खूण हवी. ‘शुगर बरी होते’, ‘गुडघेदुखी जाते’ असं काही छापू नका, कायद्याने ते चालत नाही.

उद्यम नोंदणी आधारवर होते आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. तिच्या नावाखाली कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. भांडवलासाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज बँक देते. माहेरी परत आला असाल तर तिथल्या उमेदच्या बचत गटात नाव घाला. गटातून कर्जाची सोय होते आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाची वाटही त्यातूनच निघते.

मोबाईलवर विकायचं कसं?

व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासकट लावता येते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकदम निरोप जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मिळतो. म्हणून प्रत्येक पाकिटावर ‘नंबर सेव्ह करा’ असं लिहा आणि माल देताना तोंडानेही सांगा. आठवड्याला दोन निरोप पुरेत. रोज पाठवले की लोक ब्लॉक करतात.

फोटो सकाळच्या उजेडात, दारासमोर, स्वच्छ कापडावर काढा. मिरची भाजताना, पापड लाटताना हाताचा व्हिडिओ लोक आवडीने बघतात. चेहरा दाखवायचा की नाही, हा तुमचा निर्णय. नुसते हात आणि आवाज यांवरही ओळख उभी राहते. मुलांचे फोटो, शाळेचं नाव, घराचा नेमका रस्ता टाकू नका.

आणखी एक पथ्य पाळा. कोर्टात केस चालू असेल तर पेजवर नवऱ्याबद्दल, सासरबद्दल एक अक्षर लिहू नका. रागात टाकलेली पोस्ट समोरचा वकील कोर्टात दाखवू शकतो. शिवाय दुःखाच्या गोष्टीवर लोक एकदा हळहळतात आणि एकदाच खरेदी करतात. चव आवडली तर दर महिन्याला करतात.

पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ‘मोठी ऑर्डर आहे, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

माल नसेल तर हे कौशल्यही विकता येतं

एवढं सगळं जमलं की हाच एक वेगळा व्यवसाय होतो. तालुक्यातलं कृषी केंद्र, मंगल कार्यालय, साडीचं दुकान, रोपवाटिका यांना पेज सांभाळणारं, फोटो काढून मराठीत चार ओळी लिहिणारं माणूस हवं असतं. आधी एका दुकानाचं काम महिनाभर कमी पैशात करा. किती फोन आले, किती ऑर्डरी झाल्या, ते लिहून ठेवा. पुढच्या दुकानात तोच कागद दाखवा. महिन्याची रक्कम, किती पोस्ट आणि पैसे कोणत्या तारखेला, हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या. दुकानाचं पेज दुकानदाराच्याच नावावर ठेवा. जे आपल्याबाबतीत झालं ते दुसऱ्याचं होऊ नये. आणि पैसे घेऊन कोणाच्या मालाची शिफारस आपल्या पेजवर केली तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं.

लोक काय म्हणतील?

म्हणतातच. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेडा गावच्या कल्पना सरोज यांचं लग्न बाराव्या वर्षी झालं. सासरच्या छळातून वडिलांनी त्यांना परत आणलं आणि गावाने बोल लावले. पुढे मुंबईत शिलाईकामापासून सुरुवात करून त्या कमानी ट्यूब्स या डबघाईला आलेल्या कंपनीच्या प्रमुख झाल्या. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला बायकांनी बँक काढायची ठरवली तेव्हा त्या निरक्षर आहेत म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि परत गेल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

प्रत्येकीची कंपनी होणार नाही, तशी गरजही नाही. महिन्याला मुलांची फी आणि किराणा स्वतःच्या खात्यातून गेला तरी बोलणाऱ्यांचा आवाज बराच खाली येतो.

पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं?

पहिला महिना: सिम, बँक खातं, पेजचे पासवर्ड, विधी सेवा समितीत अर्ज.

दुसरा महिना: एकच पदार्थ किंवा एकच काम पक्कं करा. ओळखीच्या वीस घरांत द्या, पण पैसे घेऊनच द्या. भाव, नाव आणि लेबल ठरवा, अन्नाची आणि उद्यमची नोंदणी करा.

तिसरा महिना: वीस घरांपैकी किती जणींनी परत मागवलं ते वहीत बघा. दहाच्या वर असतील तर दुकानं आणि प्रदर्शनं शोधा. कमी असतील तर जाहिरातीवर खर्च करू नका. आधी त्या घरांत जाऊन विचारा, ‘काय कमी पडलं?’ आणि तेवढं सुधारून परत द्या.